वस्तीवरचा कॉम्प्युटर आणि उन्हाचा हिशोब



कोयनेची वीज १९६२ साली सुरू झाली. आज त्या प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. आपल्याच उसाच्या बगॅसवर वीज तयार करणारे कारखानेही सातारा-सांगलीत उभे आहेत. तरीसुद्धा मळ्यात राहणाऱ्या सभासदाला संध्याकाळी लाईट राहील की जाईल याची खात्री नसते. गावठाणाची लाईन वेगळी झाली, पण अनेक वस्त्या शेतीच्या लाईनवरच राहिल्या. शेतीला वीज पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री. कंटाळून कित्येकांनी घरावर सोलरच्या प्लेटा बसवल्या. दिवे, पंखा आणि मोबाईल भागू लागले.

आता घरोघरी नवा विषय निघाला आहे. पोराला गेम खेळायचा मोठा कॉम्प्युटर पाहिजे. वडील म्हणतात, "उसाचं बिल काय खेळण्यात घालायचं?" पोरगं म्हणतं, "मग मी पुण्यालाच राहतो." हा वाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शिकलेली पोरं वस्तीवर टिकायची असतील तर त्यांच्या कामाची आणि करमणुकीची सोय वस्तीवरच व्हायला हवी. पण ती सोय हिशोबात बसली पाहिजे. न मोजता आणलेला कॉम्प्युटर बॅटऱ्या खाऊन टाकतो आणि घर अंधारात बसते. म्हणून हा हिशोब आम्ही येथे मांडत आहोत.

आधी भार मोजा

कॉम्प्युटरच्या पेटीवर ६५० वॅट लिहिलेले असले म्हणजे तो तेवढी वीज सतत ओढतो असे नव्हे. ती त्याच्या पॉवर सप्लायची कमाल ताकद. मध्यम प्रतीचा गेमिंग कॉम्प्युटर पडद्यासह, खेळ चालू असताना, साधारण ४०० वॅट घेतो. चार तास खेळले तर १,६०० वॅट-तास, म्हणजे १.६ युनिट. घरचे दिवे, पंखा, मोबाईल आणि इंटरनेटची डबी यांचे एक युनिट धरा. इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो. सगळे मिळून रोजचे तीन युनिट झाले.

एक किलोवॅटच्या प्लेटा स्वच्छ उन्हात दिवसाला सुमारे चार युनिट देतात. त्यातून बॅटरीची घट वजा जाता तीन-सव्वातीन हाती लागतात. म्हणजे उन्हाळ्यात एक किलोवॅटवर कसेबसे भागेल, पण पावसाळ्यात नाही. जत-आटपाडीच्या उन्हाचा हिशोब पाटण-जावळीच्या आषाढाला लावून चालत नाही. पश्चिम भागातल्या सभासदांनी दोन किलोवॅट धरावेत, आणि झड लागली की खेळ बंद ठेवायची तयारीही ठेवावी.

रात्रीची शिदोरी

खरा खर्च बॅटरीचा असतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या नेहमीच्या पाण्याच्या बॅटरीत १.८ युनिट मावतात. पण ती निम्म्याखाली उतरवली तर लवकर बाद होते. म्हणजे कामाचे ०.९ युनिट, जेमतेम दोन तासांचा खेळ. तीन युनिट रात्रीच वापरायचे तर अशा चार बॅटऱ्या लागतील. ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी ४.८ युनिटांची. तिच्यातले पावणेचार युनिट बिनघोर वापरता येतात. ती घेताना महाग पडते, पण जास्त वर्षे टिकते आणि पाणी मागत नाही.

याहून स्वस्त उपाय वेगळाच आहे. उसाला पाण्याची पाळी असते तशी कॉम्प्युटरलाही पाळी लावा. सकाळी अकरा ते दुपारी तीन खेळले किंवा काम केले तर वीज प्लेटांवरून सरळ वापरली जाते आणि बॅटरी रात्रीसाठी भरलेली राहते. गेमिंगचा लॅपटॉप दीडशे-दोनशे वॅटमध्ये भागवतो. वस्तीवर आमची पहिली पसंती त्यालाच. मोठाच हवा असेल तर खेळाचा वेग सेकंदाला ६० चित्रांवर बांधून ठेवावा, विजेची बरीच बचत होते. हे पोरांना चांगले कळते. त्यांना कारण तेवढे सांगावे.

पंपाच्या प्लेटांना हात लावू नका

काही जणांना वाटते की सोलर पंपाच्या प्लेटा रिकाम्या असतात, तर तिथून वायर ओढावी. पंपाच्या प्लेटांचा डीसी दाब घरच्या इन्व्हर्टरला झेपेलच असे नाही, आणि डीसीचा झटका जीवघेणा असतो. जोडणीत फेरफार केला तर हमीवरही पाणी सोडावे लागते. पीएम-कुसुम योजनेत पंप बंद असताना कडबाकुट्टी, पिठाची गिरणी चालवणारा खास कंट्रोलर बसवता येतो. तोच रस्ता सरळ आहे.

अनुदानातली मेख

२०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान लाईनला जोडलेल्या सोलरला आहे. पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी त्याच वर्षी राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. वीजबिल कमी करायला ही पद्धत उत्तम. पण लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून लाईट गेली की असा साधा इन्व्हर्टरही आपोआप बंद पडतो, बाहेर लख्ख ऊन असले तरी. ज्या वस्तीवर लाईट वारंवार जाते तिथे बॅटरीचीच व्यवस्था लागते. सही करण्यापूर्वी विक्रेत्याला एवढेच विचारा : "लाईट गेल्यावर हे चालेल का?"

बसवताना

इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच घ्यावा. साध्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर मध्येच बंद पडतो. प्लेटांचे तोंड दक्षिणेला आणि उतार सुमारे १७ अंश ठेवावा. त्या घरावरच बसवाव्यात. बांधावर बसवल्या आणि ऊस वाढला की सावली पडते, आणि एका प्लेटेवरची सावली सगळ्या रांगेची वीज घटवते. पाचट पेटवले की काजळी प्लेटांवर बसते. पाचट न जाळण्याचे हे आणखी एक कारण. फडके ओले करून सकाळी पुसाव्यात. वळवाच्या विजांचा आपला मुलूख, तेव्हा अर्थिंग आणि वीजरोधक यांत काटकसर नको.

तेव्हा नुसते "नाही" म्हणण्याऐवजी पोराला कागद-पेन्सिल घेऊन समोर बसवा. कोणती वस्तू किती वॅटची, किती तास चालणार, पावसाळ्यात काय करायचे, हे त्यालाच लिहायला सांगा. बेरीज जुळली तर घ्या. नाही जुळली तर लॅपटॉपवर भागवा किंवा पुढच्या हंगामाच्या बिलापर्यंत थांबा. घरच्या विजेचा असा हिशोब ज्याला जमेल, त्याच्यावर उद्या ठिबकचा आणि पंपाचा हिशोबही निर्धास्तपणे सोपवता येईल.