लांबी एक, बॅग मिश्र

लेखमाला : बॅगेतले चौदा क्लब (लेखांक ९)

गेल्या आठवड्यात हायब्रिडचं रुंद तळाचं हेड पाहिलं. या वेळी त्याच्या शाफ्टकडे वळू. बाजारात एकाच लांबीचे, म्हणजे सिंगल लेंग्थ हायब्रिड मिळतात. ४ नंबरचा घ्या की ५ नंबरचा, शाफ्ट साधारण ७ नंबरच्या आयर्नएवढाच. सगळा सेट न बदलता असे दोनच क्लब आपल्या जुन्या बॅगेत घातले तर चालतील का? माझ्या मते चालतील, आणि हौशी खेळाडूसाठी एका लांबीच्या कल्पनेचा सगळ्यात चांगला उपयोग तोच आहे. का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

नेहमीच्या सेटमध्ये प्रत्येक आयर्न मागच्यापेक्षा साधारण अर्धा इंच लांब असतं. ९ नंबरचं ३६ इंचांच्या आसपास, ७ नंबरचं ३७, ५ नंबरचं ३८. लांबी वाढते तसं हेडचं वजन क्लबमागे सुमारे ७ ग्रॅमनी उतरतं आणि लायचा, म्हणजे शाफ्ट आणि जमिनीमधला, कोन पसरट होत जातो. नेहमीचा ४ नंबरचा हायब्रिड तर साडेएकोणचाळीस इंचांच्या घरात जातो. म्हणजे क्लब बदलला की चेंडूपासूनचं अंतर, कमरेतला वाक आणि दोन पायांमधली चेंडूची जागा, तिन्ही थोडी थोडी बदलतात. फलंदाज अख्खा डाव एकाच लांबीच्या बॅटने खेळतो. गोल्फर मात्र एका फेरीत दहा-बारा लांब्या हाताळतो. रोज सराव करणाऱ्याच्या हे अंगवळणी पडतं. रविवारी एकदा कोर्सवर जाणाऱ्याच्या पडत नाही.

ही अडचण मुळापासून काढून टाकायची कल्पना जुनीच आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस टॉमी आर्मर कंपनीने ‘ईक्यूएल’ नावाचे एका लांबीचे क्लब बाजारात आणले होते, पण ते टिकले नाहीत. कल्पनेला खरी प्रतिष्ठा मिळाली ती ब्रायसन डिशॅम्बोमुळे. कॅलिफोर्नियातला हा मुलगा शाळेत असतानाच होमर केली यांच्या ‘द गोल्फिंग मशीन’ या १९६९च्या पुस्तकाने झपाटला होता. २०११मध्ये त्याने सगळी आयर्न ३७.५ इंचांवर आणली. पुढे सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीत तो भौतिकशास्त्र शिकत होता, आणि २०१५ या एकाच वर्षी त्याने अमेरिकी विद्यापीठांचं वैयक्तिक विजेतेपद आणि यूएस अमॅच्युअर, दोन्ही जिंकली. २०२०ची यूएस ओपन त्याने विंग्ड फूटवर सहा फटक्यांनी जिंकली. त्या आठवड्यात पारच्या खाली संपवणारा तो एकटाच होता. २०२४मध्ये पाइनहर्स्टवर पुन्हा तीच स्पर्धा त्याने जिंकली. पण एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. त्याचा ड्रायव्हर आणि वुड आयर्नच्या लांबीचे नाहीत. म्हणजे एका लांबीचा सगळ्यात कट्टर पुरस्कर्ताही मिश्र बॅगच वापरतो.

आता मुख्य अडचण. लांब आयर्न आखूड केलं की स्विंगचा वेग घटतो. ट्रॅकमॅन या रडारवर नोंदवलेल्या पीजीए टूरच्या, पुष्कळदा छापल्या गेलेल्या सरासऱ्यांमध्ये ७ नंबरच्या आयर्नच्या हेडचा वेग ताशी ९० मैल आहे, तर ४ नंबरचा ९६. हा फरक मुख्यतः लांबीतून येतो. ४ नंबर ७ नंबरएवढं केलं की त्या सहा मैलांतले बरेचसे हातचे जातात. लॉफ्ट मात्र कमीच राहतो. कमी लॉफ्टच्या क्लबला चेंडू उचलायला वेगच लागतो, कारण वेगातून बॅकस्पिन येतो आणि बॅकस्पिनमुळे चेंडू हवेत तरंगत राहतो. वेग नसला की चेंडू खालून निघतो आणि लवकर खाली येतो. हळू स्विंगच्या खेळाडूच्या हातात मग ४, ५ आणि ६ नंबर जवळपास एकाच जागी चेंडू टाकतात. तीन क्लब वागवायचे, काम एकाचं.

हायब्रिडचा उपयोग इथे होतो. त्याच्या हेडचं वजन खाली आणि फेसच्या बरंच मागे बसवलेलं असतं, म्हणून त्याच लॉफ्टवर चेंडू आयर्नपेक्षा उंच निघतो. फेस पातळ असतो, त्यामुळे गेलेल्या वेगातला थोडा चेंडूच्या वेगातून परत मिळतो. शाफ्ट आखूड असल्याने एका लांबीच्या हायब्रिडचं हेड नेहमीच्या हायब्रिडपेक्षा वीस-तीस ग्रॅम जड करावं लागतं, आणि जड हेडचा धक्काही जास्त असतो. म्हणजे लांबी कमी केल्याने जी उंची जाते ती भरून काढायची सोय याच क्लबमध्ये सगळ्यात जास्त आहे. क्लबमेकर टॉम विशन यांनी आपला एका लांबीचा ‘स्टर्लिंग’ सेट घडवताना लांब टोकाला हायब्रिड ठेवले, आणि कोब्रा कंपनीनेही आपल्या ‘वन लेंग्थ’ आयर्नसोबत हायब्रिड काढले, ते याच कारणाने.

उंची कशासाठी, तर चेंडू ग्रीनवर थांबायला हवा म्हणून. २००९च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये, हेझल्टिनच्या शेवटच्या होलवर, वाय. ई. यांगने २०६ यार्डांवरून हायब्रिड मारला. चेंडू झाडावरून गेला आणि होलच्या अगदी जवळ थांबला. टायगर वुड्सला मागे टाकून मेजर जिंकणारा तो पहिला आशियाई पुरुष ठरला. तो क्लब नेहमीच्या लांबीचाच होता. पण लांबून चेंडू वर चढवायचा आणि उभा उतरवायचा हे हायब्रिडचं काम त्या एका फटक्यात जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच दिसतं. आपल्याकडे पावसाळ्यात तर हे फारच जाणवतं. मुंबई-पुण्याच्या कोर्सवर जुलैमध्ये फेअरवे इतका मऊ असतो की खालून गेलेला चेंडू पडतो तिथेच रुततो. मे महिन्यात कडक जमिनीवर घरंगळत मिळणारे वीस-पंचवीस यार्ड तेव्हा विसरायचे. हवेतलं अंतर तेवढंच आपलं.

बॅग जुळवायचे दोन मार्ग आहेत. एक, सगळी आयर्न आणि हायब्रिड एका लांबीची, वुड नेहमीची. दुसरा, आयर्न आहेत तशीच ठेवायची आणि फक्त ४ आणि ५ नंबरच्या जागी एका लांबीचे हायब्रिड घालायचे. दुसऱ्या मार्गात लांबी ६ नंबरच्या आयर्नपर्यंत नेहमीप्रमाणे चढते आणि साडेसदतीस इंचांच्या आसपास थांबते. पुढचे हायब्रिड तिथेच राहतात. माझी पसंती यालाच. ८ आणि ९ नंबर आपल्याला बरे लागतात. तिथे दुखणंच नाही. दुखणं जिथे फटका बेभरवशाचा होतो तिथून सुरू होतं, आणि बहुतेकांच्या बाबतीत ती जागा ५ नंबरच्या आसपास असते.

पहिल्या मार्गात वेजचा प्रश्नही उभा राहतो. साडेसदतीस इंचांचा पिचिंग वेज नेहमीच्यापेक्षा जवळपास दोन इंच लांब असतो. चेंडू त्यामुळे उंच आणि दूर जातो. त्याच्या खाली नेहमीच्या लांबीचा गॅप वेज ठेवला, तर लॉफ्टच्या फरकात लांबीचाही फरक मिसळतो आणि दोघांमध्ये मोठी दरी पडते. सगळेच वेज लांब करावेत, तर ग्रीनजवळच्या अर्ध्या-पाव फटक्यांना तो लांब शाफ्ट अंगाशी येतो. पाइनहर्स्टच्या शेवटच्या होलवर डिशॅम्बोने ५५ यार्डांवरून मारलेला बंकरमधला फटका अशाच लांब वेजचा होता, हे खरं. पण त्यामागे एकाच लांबीवर गेलेली त्याची अनेक वर्षं आहेत. ती आपल्याला कुठून मिळणार? पहिला मार्ग घ्यायचाच असेल तर गॅप वेजपर्यंत लांबी एकच ठेवा आणि सँड वेजपासून नेहमीची.

वरच्या टोकाला दोन्ही मार्गांत सांधा येतोच. ५ नंबरचा वुड ४२ इंचांच्या आसपास असतो आणि त्याच्याखाली एकदम साडेसदतीसचा हायब्रिड. साडेचार इंचांची ही उडी अंतरातही दिसते. समजा वुड हवेतून १८० यार्ड जातो आणि हायब्रिड १५५. मध्ये २५ यार्ड मोकळे. ही जागा भरायला नेहमीच्या लांबीचा ३ नंबरचा हायब्रिड घ्यावासा वाटतो. तो घेऊ नका. दोन हायब्रिड दिसायला सारखे आणि लांबीला वेगळे असले की चेंडूसमोर उभं राहताना शरीर हमखास गोंधळतं. त्यापेक्षा ७ नंबरचा वुड बरा. त्याचं हेड मोठं असतं, नजरेलाच कळतं की हा वेगळा क्लब आहे, याला चेंडू थोडा पुढे ठेवायचा. चौदा क्लबांच्या मर्यादेतही हे बसतं.

घरातला जुना हायब्रिडच कापून आखूड करावा, हा विचार बऱ्याच जणांना सुचतो. पैसे वाचतात असं वाटतं, म्हणून हिशेब मांडतो. साडेएकोणचाळीसचा शाफ्ट साडेसदतीसवर आणला की दोन इंच गेले. अर्ध्या इंचाला साधारण तीन या हिशेबाने स्विंगवेटचे, म्हणजे स्विंगमध्ये हेड किती जड लागतं त्या मापाचे, बारा अंक उतरतात. डी-शून्यचा क्लब बी-आठवर येतो. ते परत चढवायला अंकामागे सुमारे दोन ग्रॅम, म्हणजे चोवीस ग्रॅम शिसं हेडला चिकटवावं लागेल. एवढी शिशाची टेप तळाला आणि मागच्या बाजूला गुंडाळली की हेडचा तोल जातो. वरून कापलेला शाफ्ट अधिक कडक लागतो. आणि लायचं काय? नेहमीच्या हायब्रिडची लाय लांब शाफ्टसाठी पसरट ठेवलेली असते. तोच क्लब आखूड करून ७ नंबरसारखा चेंडूजवळ उभं राहून धरला तर टाच उचलली जाते, पुढचं टोक जमिनीत घुसतं आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे जातो. हायब्रिडचा होझल आयर्नसारखा सहज वाकवताही येत नाही. एका लांबीसाठीच घडवलेलं हेड घ्या, वापरलेलं मिळालं तरी चालेल.

दोन्ही हायब्रिड एकदम घेऊ नका. आधी ५ नंबरचा घ्या आणि आपल्या ७ नंबरच्या आयर्नसोबत रेंजवर न्या. उभं राहणं तेच, चेंडूची जागा तीच, आणि फटका आयर्नसारखा किंचित खाली दाबून. वुडसारखा झाडून नको. रेंजचे चेंडू झिजलेले असतात, तेव्हा अंतरापेक्षा चेंडू किती वर चढतो ते बघा. ७ नंबरच्या निम्म्या उंचीवरच तो सपाट होत असेल तर ४ नंबरचा त्याहून खाली जाईल. मग त्याऐवजी ९ नंबरचा वुड घ्या. चांगला चढत असेल तर ४ नंबरचा मागून आणा, कोर्सवर चांगल्या चेंडूने दोघांचं हवेतलं अंतर मोजा. आठ यार्डांच्या आत आलं तर एक काढून टाका. मोकळ्या झालेल्या जागेत जास्तीचा वेज बसतो. तो कोणत्या लॉफ्टचा आणि किती बाउन्सचा असावा, हा पुढच्या लेखांकाचा विषय.