एकाची दोन, पण एकदाच!

आपल्या बहुतेक पेशींत सेंट्रिओलची एक जोडी असते. प्रत्येक सेंट्रिओल म्हणजे तीन-तीन सूक्ष्मनलिकांच्या ९ जुड्यांचं नळकांडं, लांबी मिलिमीटरच्या साधारण २,०००व्या भागाएवढी.

डीएनएची प्रत निघू लागते त्याच सुमारास प्रत्येक जुन्या सेंट्रिओलच्या कुशीला काटकोनात एकच नवं उगवतं. जागा ठरवतं 'पीएलके४' हे विकर, तर 'सास-६' प्रथिन ९ आऱ्यांचं चाक रचतं. पीएलके४ जास्त झालं तर एकाच वेळी अनेक नवी सेंट्रिओलं फुटतात. म्हणून ते स्वतःवरच फॉस्फेटची खूण करून स्वतःचा नाश ओढवून घेतं! शिवाय नवं जुन्याला चिकटून आहे तोवर दुसरं येत नाही. विभाजनाच्या शेवटी सेपरेज विकराच्या मदतीने ती सुटी होतात, मगच पुढच्या फेरीला परवानगी.

हे बिघडलं तर पेशी विभागताना सेंट्रिओलांभोवती दोनाऐवजी तीन-चार ध्रुव, म्हणजे गुणसूत्रं ओढून घेणारी टोकं, तयार होऊन गुणसूत्रांची वाटणी चुकते. अनेक कर्करोगांत हेच दिसतं. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातल्या सोराब दलाल यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं, की '१४-३-३ गॅमा' प्रथिन घटलं की सेंट्रोसोम (सेंट्रिओलची जोडी आणि तिच्याभोवतीची प्रथिनं) संख्येने प्रमाणाबाहेर वाढतात.

आणि आपल्या वसईच्या केळीच्या पेशींत? तिथे सेंट्रिओलंच नसतात, तरी वाटणी चोख होते!