घरातील यंत्रांची देखभाल – लेखांक ६ : तबकडीचा खडखडाट

गेल्या लेखांकात लॅपटॉपच्या पंख्याचा विचार झाला. आज त्याच यंत्रातील, पण नव्या यंत्रांतून बहुतांशी हद्दपार झालेल्या, सीडी-डीव्हीडी ड्राइव्हच्या आवाजाचा विचार करावयाचा आहे. ज्यांच्या घरी लग्नाचे चित्रण किंवा एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचा आवाज अद्याप तबकड्यांवरच आहे, त्यांच्या लेखी हा विषय मुळीच जुना झालेला नाही.

आवाज कोणाचा, याची शहानिशा प्रथम करावी. तबकडी बाहेर काढल्यावरही तो चालूच राहिला, तर कसूर बहुधा पंख्याची किंवा हार्ड डिस्कची असते. आणि हार्ड डिस्कमधून पुन्हा पुन्हा टकटक येत असेल, तर पुढील तपास तहकूब ठेवून आपल्या फायलींची नक्कल दुसरीकडे करून घ्यावी. यंत्र सुरू होताना रिकाम्या ड्राइव्हने केलेली क्षणभराची घरघर मात्र स्वाभाविक समजावी.

तबकडी फिरू लागताच खडखडाट होत असेल, तर त्याचे कारण बहुतेक वेळा ड्राइव्हमध्ये नसून तबकडीत, किंवा ती बसविण्याच्या पद्धतीत असते. मेजावरच्या संगणकात तबकडीला वरून दाबून धरणारी चकती असते. लॅपटॉपच्या ड्राइव्हची जाडी अवघी 12.7 किंवा 9.5 मिलिमीटर असल्यामुळे तेथे तिला जागाच नाही, आणि तबकडीचा सारा भार मधल्या खुंटीवरील स्प्रिंगच्या बारीक गुंड्यांनी तोलून धरावा लागतो. म्हणून तबकडी ट्रेवर नुसती ठेवून भागत नाही. ट्रेला खालून हाताचा आधार देऊन, छिद्राच्या कडेवर दोन बोटांनी, ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत ती दाबावी लागते. संगीत वाजविताना सीडी मिनिटाला 200 ते 500 फेरे घेते, परंतु फायली वाचताना चोवीसपट वेगाच्या ड्राइव्हमध्ये हीच संख्या पाच हजारांच्या घरात जाते. आणि वेग दुप्पट झाला की असमतोलाची ओढ चौपट होत असल्याने, गाणे ऐकताना मुकाट फिरणारी तबकडी नक्कल करताना थरथरू लागते.

माझ्या वडिलांच्या आवाजाच्या तबकडीवर मी प्रेमाने नावाची कागदी चिठ्ठी चिकटविली होती. पुढे तिची एक कड सुटली, आणि तेवढ्या कागदाने साऱ्या यंत्राला कंप सुटे. तेव्हापासून नाव शाईच्या योग्य पेननेच लिहावे, असा माझा आग्रह आहे. छिद्रालगत तडा गेलेली तबकडी तर ड्राइव्हमध्ये घालूच नये. वेगात ती फुटण्याचा संभव असतो.

खडखडाटाऐवजी मागेपुढे सरकल्यासारखी थांबून थांबून कुरकुर येत असेल, तर लेन्सला खुणा वाचता येत नाहीत, असे समजावे. तबकडी मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. गोलाकार कधीही पुसू नये. लॅपटॉपमध्ये ट्रेबरोबर लेन्सही बाहेर येते व तिच्यावर धूळ बसते. रबरी फुंकणीने ती हलकेच उडवावी.

एवढे करून चांगल्या, सपाट तबकडीवरही आवाज तसाच राहिला, तर मोटर झिजली आहे. तळाचा एक स्क्रू काढला की बहुतेक लॅपटॉपमधून ड्राइव्ह सरकून बाहेर येतो. नवा घेताना त्याची जाडी तेवढी मोजून न्यावी.