सायलेन्सरची लाइन

अ‍ॅम्बेसेडर म्हटली की लोकांना कोलकाता आणि उत्तरपाड्याचा कारखाना आठवतो. बडोदेकराने यावर थोडी कुरकुर करायला हरकत नाही. हिंदुस्थान मोटर्स 1942 साली निघाली ती ओखा बंदरात, आणि ओखामंडळ तेव्हा गायकवाडांच्या संस्थानात होते. कारखाना 1948 मध्ये उत्तरपाड्याला गेला, अ‍ॅम्बेसेडर हे नाव तर त्याच्याही बऱ्याच नंतरचे. गाडीवर हक्क सांगता येणार नाही, पण कंपनीचा पाळणा आपल्या संस्थानात हलला हे खरे.

जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात देशभरातल्या जुन्या मोटारींचा मेळा भरला होता. अशा ठिकाणी लोक रंग आणि क्रोम पाहतात, खाली वाकून सायलेन्सर कुणी पाहत नाही. जुन्या गाडीचा मालक जागरूक आहे की नाही, हे मात्र तिथेच कळते.

सायलेन्सर बाहेरून सडतो असा समज आहे. खरे तर तो आतून सडतो. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडते. लाइन नीट तापली तर वाफ निघून जाते, नाही तर डब्यात पाणी साचते, त्यात आम्ल मिसळते आणि पत्रा खाल्ला जातो. म्हणून हरणीहून मांडवीपर्यंत पाच-सहा किलोमीटर जाऊन पुन्हा आठवडाभर झाकून ठेवलेली गाडी रोज लांब पळणाऱ्या गाडीपेक्षा लवकर गळू लागते. ऑगस्ट 2024 च्या विश्वामित्रीच्या पुरासारख्या पाण्यात बंद गाडी उभी राहिली, तर शेपटीच्या पाइपातून पाणी थेट डब्यात शिरते. मालक इंजिन उघडून पाहतो, डबा विसरतो.

गळतीचा आवाज त्रासदायक असतो, पण भीती त्याची नाही. या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो, त्यामुळे धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट चिकटतो. जमिनीच्या पत्र्याला भोक असेल तर तो आत येतो. काचा बंद ठेवून जाताना डोके जड झाले, तर ते उन्हाने झाले असे समजू नये. शिवाय गळक्या जोडातून हवा आत ओढली जाते आणि पीयूसीचा आकडा खोटाच चांगला दिसतो.

गळती शोधावी ती थंड इंजिनावर. सुरू केल्याबरोबर शेपटीच्या तोंडाशी जाड फडके क्षणभर दाबायचे, मग जिथून फुसफुस येते तिथे काळा डाग सापडतोच.

खरी कसोटी मॅनिफोल्डपाशी. अ‍ॅम्बेसेडरच्या 1489 सीसी इंजिनात हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा असे दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकाच पॅकिंगवर बसतात. काही ठिकाणी तर दोघांना मिळून एकच वॉशर दाबून धरतो. दोन्हींची जाडी सारखी नसेल तर वॉशर एकीकडे कलतो आणि नवे पॅकिंगही फुंकर मारते. म्हणून आधी पट्टी लावून पृष्ठभाग तपासायचा, वाकडा असेल तर लेथवाल्याकडे द्यायचा. जुने नट आदल्या रात्रीच तेलात भिजवायचे आणि सकाळी गरम करून हलवायचे. जोर करून स्टड तोडणारा मिस्त्री तासाचे काम दोन दिवसांचे करतो. नव्या स्टडवर पितळी नट घालावेत, ते जाम होत नाहीत.

मग डाऊन पाइप, डबा आणि मागच्या धुरीवरून वळसा घेणारा शेपटीचा पाइप, सगळे आधी ढिलेच लटकवायचे. पाटे दबले की धुरी वर येते, तेव्हा पाइप आपटता कामा नये. लाइन रबरांवर टांगलेली हवी, ओढून बसवलेली नको. सगळे सरळ झाले की इंजिनाकडून मागे आवळत जायचे. बहुतेक गॅरेजमध्ये उलटे होते: प्रत्येक जोड लगेच घट्ट केला जातो, शेवटचा पाइप हातोड्याने बसवला जातो, आणि तो ताण महिनाभरात पुन्हा पॅकिंग फोडतो.

सडलेल्या डब्यावर ठिगळ वेल्ड करणे मला पटत नाही. पत्रा आतून कागदासारखा झालेला असतो, ठिगळाशेजारीच पुढचे भोक पडते. स्टेनलेस स्टीलची लाइन टिकते, पण तिचा आवाज थोडा पत्र्याचा येतो. पन्नास वर्षांवरच्या गाडीला 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेतला विंटेज क्रमांक घ्यायचा असेल, तर ती मूळ रूपात असावी लागते. तशी गाडी असो वा नसो, मी साध्या पोलादाचा, मूळ मापाचा डबा घेईन.

नवी लाइन बसवली की पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर इंजिन थंड असताना मॅनिफोल्डचे नट मधून बाहेरच्या दिशेने पुन्हा एकदा आवळा. आणि महिन्यातून एकदा तरी गाडी अहमदाबादच्या रस्त्याला तासभर पळवा, डबा कोरडा राहील.