खालून गळतंय? वर बघा

टाकी खालून गळते म्हणून माणूस खाली बघतो. तळ घट्ट आवळतो, आटे पुसतो, टिश्यूची घडी करून तिच्यावर टाकी उभी करतो. तासाभरात घडी चिकट. मग हीच टाकी खराब निघाली असं म्हणून दुसरी विकत आणतो आणि तीही चार दिवसांत तेच करते. माझी सगळी नोकरी पंप आणि व्हॉल्व्हच्या कामात गेली, आधी इचलकरंजीत आणि मग इकडे कॉव्हेन्ट्रीत. त्यामुळे गळती म्हटली की भोक शोधण्याआधी मी दाब शोधतो. व्हेपच्या टाकीला वेगळा न्याय लावायचं काही कारण नाही.

आपल्याकडच्या बहुतेकांनी ही वस्तू उघडून पाहिलेली नसणार. भारतात २०१९च्या कायद्यानं ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, साठवणं, तिची जाहिरात करणं, सगळ्यावर बंदी आहे. ब्रिटनमध्ये मात्र प्रौढांना ती दुकानात उघड मिळते. इथली सरकारी आरोग्यसेवा सिगारेट सोडू पाहणाऱ्याला हा मार्ग सुचवतेसुद्धा. निरुपद्रवी म्हणून नव्हे, सिगारेटपेक्षा कमी घातक म्हणून. जो मुळात ओढत नाही त्यानं हिच्या वाटेला जाऊ नये, असंही तीच सेवा बजावते, आणि ते बरोबरच आहे. माझी सिगारेट हिच्यामुळे सुटली. निकोटिन सुटलेलं नाही.

१ जून २०२५पासून इथं वापरून फेकायच्या व्हेपची विक्री बंद झाली आणि भरून वापरायच्या टाक्यांकडे बरेच नवे लोक वळले. त्यातल्या काही हौशी मंडळींना कॉइलही स्वतःच गुंडाळायची असते. गणपतीच्या कार्यक्रमात असाच एखादा सांगलीचा पोरगा मला बाजूला घेतो. "काका, तुम्ही मेकॅनिकल ना? हे जरा बघता का, सारखं गुडगुडतंय, आणि खिसापण ओला होतोय." खिसा बघितला की निम्मं निदान तिथंच होतं.

ही हातानं बांधायची टाकी म्हणजे काचेचं एक छोटं नळकांडं. मधून धुराड्यासारखी धातूची नळी वर तोंडापर्यंत जाते. तळाशी घंटेच्या आकाराची कोठी असते आणि तिच्या आत दोन खांबांना स्क्रूनं पकडलेली तारेची कॉइल. कॉइलच्या पोटातून कापसाची वात ओवलेली असते. वातीची दोन्ही टोकं खाली खाचांमध्ये सोडलेली असतात आणि द्रव त्या खाचांतून वातीत येतो. बटण दाबलं की तार तापते, वातीतला द्रव वाफ होतो, आणि कॉइलच्या बरोबर खाली असलेल्या भोकातून आलेली हवा ती वाफ घेऊन वर जाते. आता गंमत बघा. द्रव वर, बाहेर उघडणारं भोक खाली, आणि मध्ये अडवायला काय, तर कापूस. मग टाकी सतत गळत का नाही?

कारण द्रव कापसानं अडवलेला नसतो, हवेनं अडवलेला असतो. शाळेतलं शाईचं पेन आठवा. निब खाली, शाई वर, तरी वहीवर आपोआप सांडत नाही. शाईच्या वर कोंडलेली हवा किंचित विरळ असते आणि बाहेरचा दाब शाईला खालून पेलून धरतो. टाकीत तेच. काचेत द्रव दोन सेंटिमीटर उंच आहे असं धरलं, तर त्याला पेलायला लागणारा दाबातला फरक वातावरणाच्या दाबाच्या साधारण चारशेव्या भागाइतका असतो. इतक्या नाजूक तोलावर ही सगळी वस्तू उभी आहे. वरच्या झाकणाच्या ओ-रिंगला केसाएवढी चीर असली, किंवा काचेच्या कडेचा टवका उडाला असला, की वरून हवा आत शिरते, तोल जातो आणि सगळा द्रव मुकाट खाली उतरतो. ओलं दिसतं तळाला आणि दोष असतो झाकणात.

म्हणून मी आधी वरची ओ-रिंग काढून नखावर ताणून बघतो. चीर असेल तर ती लगेच तोंड उघडते. नवी बसवताना द्रवाचाच एक थेंब तिला चोळायचा. कोरडी रिंग झाकण फिरवताना पिळवटते आणि तिथूनच पुढची गळती सुरू होते.

भरण्याची पद्धत हे दुसरं मोठं कारण. झाकण उघडलं की आतला विरळपणा संपला, म्हणजे तेवढा वेळ द्रवाला धरायला कोणी नाही. द्रवाच्या वाटा बंद करणारी कडी असेल तर ती आधी बंद करायची आणि मगच झाकण उघडायचं. मधल्या नळीत थेंब जाऊ द्यायचा नाही. गेला तर तो थेट कॉइलवर पडतो. गळ्यापर्यंत भरायची नाही, वर थोडी हवा राहू द्यायची. पुढची खोच बहुतेकांना माहीत नसते. झाकण लावताना आतली हवा दाबली जाते आणि तोच दाब द्रवाला खालून बाहेर ढकलतो. कडी नसलेल्या टाकीत झाकणाचे शेवटचे आटे टाकी उलटी धरून फिरवावेत, म्हणजे दाबलेली हवा वातीतून निघून जाते आणि द्रव जागेवर राहतो.

एवढं करूनही गळत असेल तर कापूस. इथं घाई चालत नाही. कॉइलचं भोक साधारण अडीच-तीन मिलिमीटरचं असतं. वात ओढताना कॉइल थरथरली पाहिजे, पण वाकता कामा नये. सहज सरकली तर कापूस कमी आणि टाकी गळणार. खेचावी लागली तर जास्त, म्हणजे द्रव वेळेवर पोचणार नाही आणि जळक्या कापसाचा असा एक झुरका बसेल की घसा दिवसभर विसरणार नाही. मग टोकं. ती कापून सुईनं विंचरायची, सुटे तंतू काढून टाकायचे आणि खाचेत अलगद बसवायची. खाच पूर्ण झाकली गेली पाहिजे, पण ठासून भरायची नाही. पोरं नेमकं उलट करतात. गळतंय म्हणून कापूस कोंबतात, मग जळतंय म्हणून उपटून काढतात, आणि दोन्ही वेळा शिव्या टाकीला.

वात बरोबर बसली की नाही हे काचेतून दिसतं. झुरक्यानंतर एखाद-दुसरा बारीक बुडबुडा वर आला तर समजावं की गेलेल्या द्रवाची जागा हवा घेते आहे, सगळं ठीक. एकही येत नसेल तर वाट तुंबली आहे. झुरका न घेताच बुडबुडे येत असतील तर हवा फुकट आत शिरते आहे. तासाभरात टिश्यू लागणार.

गुडगुड ही त्याच आजाराची पहिली पायरी. कोठीत साठलेल्या द्रवातून हवा ओढली जाते तेव्हा तो आवाज येतो. वात सैल असेल तर साठतोच, पण ओढण्याच्या सवयीनंही साठतो. हवेची भोकं जवळजवळ बंद करून गालफडं बसेपर्यंत ओढलं, तर कोठीत ओढ वाढते आणि द्रव गरजेपेक्षा जास्त येतो. वीज फार कमी ठेवली तर आलेला द्रव वाफच होत नाही. म्हणून भोकं जरा उघडायची, वीज थोडी वाढवायची, हळू ओढायचं. तेवढ्यापुरतं गुडगुडणं थांबवायचं तर तोंडाकडची बाजू टिश्यूत धरून टाकी झटकायची. नळीत थंड होऊन साचलेले थेंब पडून जातात.

द्रवाचा पातळपणाही बघा. त्यात प्रोपिलीन ग्लायकोल आणि ग्लिसरीन ही दोन मुख्य द्रव्यं असतात, आणि ग्लिसरीन दुसऱ्याच्या वीसपटीहून घट्ट. रुंद खाचांच्या टाकीत निम्मं-निम्मं मिश्रण भरलं की ते धावतं. तिला सत्तर टक्के ग्लिसरीनचं लागतं. ज्यांना ही सगळी कटकट नको, त्यांनी वरून हवा घेणारी टाकी घ्यावी, गीकव्हेपच्या झ्यूससारखी. तिचं हवेचं तोंड द्रवाच्या पातळीच्या वर असल्यामुळे तळातून सांडायला वाटच राहत नाही. चव थोडी बोथट येते असं माझं मत, बाकीचे भांडतात. आणि ज्याला स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायचाच कंटाळा आहे त्यानं तयार कॉइलची टाकी वापरावी, त्यात कमीपणा काही नाही.

सांडलेला द्रव नुसता चिकट नसतो. इथल्या नियमानं मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमपर्यंत निकोटिन चालतं आणि टाकी २ मिलिलिटरची, म्हणजे भरल्या टाकीत ४० मिलिग्रॅम. निकोटिन कातडीतूनही अंगात जातं. हात साबणानं धुवा, बाटली लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा, आणि बॅटरीच्या डब्याच्या आट्यांत उतरलेला ओघळ लगेच पुसा.

हवामानाचा हिशेबही त्या चारशेव्या भागावरूनच लागतो. इथल्या हिवाळ्यात रस्त्यावरच्या पाच अंशांतून वीस अंशांच्या खोलीत आलात की कोंडलेल्या हवेचा दाब पाच टक्के वाढू बघतो. म्हणजे तोल धरून ठेवणाऱ्या फरकाच्या वीसपट. विमानात तर आतला हवेचा दाब जमिनीवरच्या तीन-चतुर्थांशावर येतो. कोंडलेली हवा फुगते आणि द्रव बाहेर काढते. अर्धी रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त सांडते, कारण तिच्यात फुगायला हवाच जास्त. म्हणून विमानात टाकी रिकामी करूनच न्यायची. मुंबईच्या विमानात तीही नाही. आयातीवर पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतात. "पण काका, एकच तर आहे," असं म्हणणाऱ्या पोराला मी निकोटिनच्या च्युइंगगमचं पाकीट दाखवतो. ते तिकडे औषधाच्या दुकानात मिळतं आणि गळत नाही.