शिडाच्या होडीतली वीज (लेखांक ५) : काठीवरचा मंद दिवा

गेल्या आठवड्यात आपण बॅटरी तपासली. सगळं बंद ठेवून काही तासांनी मोजल्यावर 12.6 ते 12.7 व्होल्ट आले, म्हणजे बॅटरी भरलेली आहे. तरीही डोलकाठीच्या टोकावरचा नांगराचा दिवा पिवळट, मरगळल्यासारखा जळतो. 1970-80 च्या काळातल्या फायबरग्लासच्या होड्यांमध्ये ही तक्रार नेहमीची, पण ती हलक्यात घेऊ नका. नांगरलेल्या छोट्या होडीचा हा दिवा दोन सागरी मैलांवरून दिसला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आणि फिलामेंटच्या बल्बचं व्होल्टेज 10 टक्के घटलं, की उजेड साधारण 30 टक्के घटतो.

इथे बहुतेक जण बल्ब काढून होल्डरला मीटर लावतात, 12.6 दिसले की वायर चांगली आहे असं धरून नवा बल्ब आणायला जातात. इथेच फसगत होते. मीटर जवळपास करंट ओढतच नाही, त्यामुळे गंजलेल्या सांध्यातून, अगदी एकाच शाबूत तारेतूनही त्याला पूर्ण व्होल्टेज मिळतं. 10 वॉटचा बल्ब मात्र 0.8 अँपिअरच्या आसपास ओढतो. सांध्यात एका ओहमचा जरी अडथळा असला, तरी पाऊण व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. म्हणून मोजायचं ते दिवा चालू ठेवूनच.

मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा, दुसरं काठीच्या बुडाशी डेकवरच्या प्लगमधल्या पॉझिटिव्हला. मीटर दाखवेल तेवढं व्होल्टेज वाटेत गळतंय. मग निगेटिव्हचंही तसंच मोजा. करंट तिथूनच परतायचा असतो आणि दुर्लक्षही तिथेच जास्त होतं. बॅटरीपासून दिव्यापर्यंत, जाऊन-येऊन मिळून 3 टक्के, म्हणजे 0.36 व्होल्ट, ही मर्यादा धरा. बुडापर्यंत गळती नगण्य असेल, तर दोष काठीतल्या वायरीत किंवा वरच्या होल्डरमध्ये.

माझा पहिला संशय डेकवरच्या प्लगवरच असतो. उघडलात तर पिना हिरव्या पडलेल्या दिसतील. वायरीचं आवरण बाहेरून चांगलं दिसतं, पण सोललं की आतल्या तारा काळ्याठिक्कर. साध्या तांब्याच्या तारांमधून खारं पाणी आत आत ओढलं जातं, त्यामुळे कधी कधी वीतभर सोललं तरी काळंच लागतं. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा. लागलंच नाही, तर पूर्ण वायर बदला. नवी वायर कथिलाचा मुलामा असलेलीच घ्या, सांधा क्रिंप करा आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. नुसत्या सोल्डरवर विसंबू नका. सोल्डरने तार ताठ होते आणि होडीच्या हादऱ्यांनी तिथेच तुटते.

कापण्याआधी मेन स्विच बंद करा. बिल्ज पंपाची वायर मात्र बहुधा थेट बॅटरीवरून आलेली असते; ती तेव्हाही जिवंत राहते, म्हणून तिचा फ्यूज वेगळा काढा.

काठी दुरुस्तीसाठी उतरवलेली असेल, तर आतली सगळी वायर तेव्हाच बदलून घ्या. काठी उभी असताना हे काम फार कष्टाचं आहे. पुढच्या आठवड्यात बिल्ज पंपाकडे वळू.