प्रश्नांची चार उत्तरे आणि आपला धम्मवर्ग

विहारांतील धम्मवर्गात मुले त्रिशरण-पंचशील अस्खलितपणे म्हणतात. कालामसुत्ताचा आशयही त्यांना पाठ असतो. केवळ परंपरेने आले म्हणून काही स्वीकारू नये, असे सांगणारे सुत्तच घोकंपट्टीने स्वीकारले जावे, ही विसंगती आम्हांला अस्वस्थ करते. तिच्यावरील उपाय पालि वाङ्मयातच आहे.

अंगुत्तरनिकायाच्या चतुक्कनिपातात प्रश्नाचे उत्तर देण्याच्या चार रीती सांगितल्या आहेत. काही प्रश्नांना निःसंदिग्ध उत्तर द्यावे (एकंस), काहींना पृथक्करण करून द्यावे (विभज्ज), काहींना प्रतिप्रश्न करून द्यावे (पटिपुच्छा), तर काही प्रश्न बाजूस ठेवावेत (ठपनीय). कोणता प्रश्न कोणत्या प्रकारचा, हे ओळखणे हेच शिक्षकाचे पहिले कौशल्य होय.

गृहस्थ श्रेष्ठ की प्रव्रजित, असे शुभ माणवाने विचारले, तेव्हा तथागतांनी एका शब्दात निवाडा दिला नाही. दोघांपैकी जो सम्यक आचरण करील तो प्रशंसनीय, असे त्यांनी विभागून सांगितले. केसपुत्तच्या कालामांना मात्र त्यांनी प्रतिप्रश्न केले. लोभ माणसाच्या हिताचा की अहिताचा? लोभाने ग्रासलेला मनुष्य हिंसा, चोरी करतो की नाही? उत्तरे कालामांनी दिली, म्हणून निष्कर्षही त्यांचा स्वतःचा झाला.

पंचशील शिकविताना हाच क्रम ठेवता येईल. ‘चोरी करू नये’ असे प्रथम न सांगता, ‘तुझे दप्तर कोणी नेले तर?’ येथून आरंभ करावा. परीक्षेत शेजाऱ्याचे उत्तर उतरविणे ही चोरी का, यावर मुलांना वाद घालू द्यावा. मिलिंदपञ्हात राजा वारंवार उपमा मागतो आणि नागसेन ती देतात. आपण ती मुलांकडूनच मागावी. स्वतः उपमा रचणारे मूल अर्थ समजल्यावाचून ती रचूच शकत नाही.

त्याच ग्रंथात संवादापूर्वी नागसेन अट घालतात: राजा म्हणून नव्हे, पंडित म्हणून बोलणार असाल तरच बोलू. खंडन झाले तरी पंडित कोपत नाहीत. राजे मात्र विरोधकाला दंड करतात. १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे काढलेल्या महाविद्यालयाला पुढे ‘मिलिंद’ हे नाव मिळाले. ते नाव प्रश्न विचारणाऱ्याचे आहे, हे विसरता कामा नये. धम्मवर्गातील शिक्षकच राजा होऊन बसला, तर मिलिंदाने प्रश्न विचारावेत कोठे?